बारा इंचांचा माज

गेल्या महिनाभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक हापिसातला, एक आतेभाऊ आणि एक शाळेतला मित्र. "घरी सिस्टिम लावतोय रे, सबवूफर कोणता घेऊ? दहा इंची पुरेल की सरळ बाराच घेऊ?" तिघांचेही हॉल मी पाहिलेत. आतेभावाचा तर बारा बाय दहाचा. त्यात एका भिंतीला दिवाण, दुसरीला शू-रॅक आणि मधोमध पोराची सायकल. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून या विकांताला काय ते एकदाच लिहून टाकतो.

माझं म्हणणं सरळ आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने बारा इंची सबवूफर आणणं याला मी हौस म्हणत नाही, माज म्हणतो. आठ इंची, फार तर दहा इंची, बंद पेटीचा छोटासा सब घ्या आणि वाचलेल्या पैशांऐवजी दोन रविवार त्याच्यावर खर्च करा. घाईत असलेल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. राग आलेल्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा.

आधी कबुलीजबाब देतो. हा माज मी स्वतः केलेला आहे. पहिला धड म्हणावा असा बोनस हातात आला आणि मी तडक दुकानात गेलो. तिथे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. जाड पडदे लावलेली ऐसपैस खोली, मऊ सोफा आणि दरवेळी तोच एक स्फोटाचा सीन. सोफ्यासकट आपण हलतो, सेल्समन आपल्याकडे बघून हसतो, आपण कार्ड काढतो. त्या खोलीत कुणी कधी तंबोरा लावून दाखवत नाही. दोन माणसांनी घाम गाळत ते धूड तीन जिने वर आणलं, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "हे फ्रिजचं पिल्लू कुठे ठेवणार?" कोपऱ्यात ठेवलं. दुसरी जागाच नव्हती.

मग दर शनिवारी मित्रमंडळी जमायची. स्फोट झाला की शोकेसच्या काचा थरथरायच्या आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "काय धमक आहे राव!" दोन वर्षं हेच चाललं. त्या दोन वर्षांत एकानेही "गाणं काय सुंदर लागलंय" असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

एका शनिवारी सिनेमा तसाच चालू ठेवून मी खालच्या मजल्यावर गेलो. काकांची शिडी परत द्यायची होती. दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि मला पहिल्यांदा माझी सिस्टिम ऐकू आली. संवाद नाही, संगीत नाही, शब्द नाही. नुसतं धप्... धप्... गर्रर्र... धप्. भिंतीवरचा फोटो खिळ्यावर टकटक वाजत होता. काका म्हणाले, "ये ना, बस. वर मंडळी जमलीत वाटतं." मी ओशाळून काहीतरी पुटपुटलो. त्यावर ते अगदी सहज म्हणाले, "चालायचंच रे. शनिवारी आम्ही दोघं आतल्याच खोलीत झोपतो आता."

बास. तक्रार नाही, टोमणा नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र नाही. ऐंशीच्या घरातली दोन माणसं दर शनिवारी माझ्यामुळे आपली गादी उचलून आतल्या खोलीत नेत होती आणि मी वर बसून 'धमक' मोजत होतो. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता इंजिनियर म्हणून विचार करू. असं का होतं? भिंत आवाज अडवते ती मुख्यतः स्वतःच्या वजनाच्या जोरावर, आणि ढोबळ नियम असा की फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की तिची अडवण्याची ताकद सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणजे १००० हर्ट्झवरून ६० हर्ट्झच्या आसपास आलात की चार पायऱ्या उतरलात, २४ डेसिबल गेले. गाण्याचा वरचा भाग, म्हणजे शब्द, बासरी, झांजा, हे सगळं तुमच्या घरात राहतं आणि खालचा भाग शेजाऱ्याकडे जातो. सुरेल वाटा तुमचा, ठोके त्याचे. शिवाय पेटी फरशीला टेकलेली असते, त्यामुळे थोडी थरथर थेट स्लॅबमधून उतरते ती वेगळीच. पेटीखाली रबराचं पॅड घातलं तर हे दुसरं दुखणं थोडं कमी होतं. पहिलं होत नाही.

"मग भिंतीला फोम लावू की!" असं एक जण म्हणालाच. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. तिच्यावर काही परिणाम व्हावा असं वाटत असेल तर शोषक थर तिच्या पाव लांबीच्या हिशेबाने हवा, म्हणजे पावणेदोन मीटर जाड. दोन इंची फोम लावून ५० हर्ट्झ अडवायला निघणं म्हणजे चाळणीने पाणी भरणं. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर मी बोलतच नाही.

आणि कायद्याच्या आड लपू नका. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल म्हणतात, पण ते डेसिबल 'ए' मापाचे असतात. या मापात खालचे सूर मुद्दाम कमी धरले जातात, कारण हळू आवाजात आपल्या कानाला ते कमी ऐकू येतात. ५० हर्ट्झला ही सूट तब्बल ३० डेसिबलची आहे. म्हणजे काकांच्या हॉलमध्ये ७५ डेसिबलची ५० हर्ट्झची घरघर चालू असली तरी मीटर ४५ दाखवणार आणि आपण साळसूदपणे म्हणणार, "बघा, नियमात आहे." सबवूफर ज्या पट्ट्यात उपद्रव देतो, नेमक्या त्याच पट्ट्यात नियमाचं मीटर कानात बोळे घालून बसलेलं आहे. तेव्हा इथे कायदा कामाचा नाही, लाजच कामाची.

गंमत बघा. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या भिंतींबद्दल आपण सगळे तावातावाने बोलतो. सातारा-कोल्हापूरकडे त्या भिंतींना 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला! आवाजातला कचरा काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याचं नाव आपण छातीत धडकी भरवणाऱ्या भिंतीला दिलं. पण त्या मंडळाच्या पोरांना नावं ठेवणारे आपण हॉलच्या कोपऱ्यात काय उभं करतो? तीच भिंत, लाकडी पॉलिश केलेली. त्यांचा उत्सव निदान वर्षातून एकदा असतो.

बरं, शेजारी गेला खड्ड्यात असं क्षणभर धरू. (ह. घ्या.) तुम्हाला स्वतःला तरी त्या धुडातून काय मिळतं?

आतेभावाचा हॉल घ्या. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. भागाकार करा, या लांबीला खोली ४७ हर्ट्झला घुमते. दहा फुटांच्या बाजूने ५६ ला आणि साडेनऊ फूट छताच्या बाजूने ५९ ला. तिन्ही आकडे एकमेकांना चिकटलेले. म्हणजे कोणतंही गाणं लावा, बासवाला काहीही वाजवो, खोली ४७ ते ५९ मधलाच सूर फुगवून दाखवणार. कोपऱ्यात ठेवलेला सब हे तिन्ही सूर सगळ्यात जोरात जागे करतो. भिंतीला टेकून बसलात तर बास अंगावर येतो आणि खोलीच्या मधोमध बसलात तर ४७ गायबच होतो. आपण पैसे मोजले सबवूफरचे आणि ऐकतोय खोली. पेटी जितकी दांडगी तितका हा घोळ मोठा.

आता दुसरी बाजू. लहान पेटीतून खोल बास येणारच नाही, हे अर्धसत्य आहे. ऑडिओवाल्यांचा एक जुना 'पोलादी नियम' आहे. अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या नावातला एच म्हणजे हॉफमन, त्यांच्या नावाने तो ओळखला जातो. खोल बास, छोटी पेटी आणि कमी वीज, या तिघांपैकी दोन निवडा, तिसरं सोडा. १९५४ साली एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च कंपनी काढली आणि बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून लहान पेटीत खोल बास आणून दाखवला. किंमत मोजली ती विजेत. त्या काळी अँप्लिफायरचा एकेक वॅट महाग होता. आज क्लास डी सर्किट नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतं आणि काहीशे वॅट तळहाताएवढ्या बोर्डावर मावतात. वीज स्वस्त झाली, म्हणून पेटी लहान करता आली. २०२१ साली आलेला केईएफचा केसी६२ बघा. साधारण पंचवीस सेंटिमीटरचा ठोकळा, साडेसहा इंचाचे दोन कोन पाठीला पाठ लावून आणि आतमध्ये १००० वॅट. दोन्ही कोन एकमेकांचा धक्का खोडून काढतात, त्यामुळे पेटी थरथरत नाही. तुम्ही तोच घ्या असं मी म्हणत नाही, तो चांगलाच महाग आहे. पण 'मोठी पेटी म्हणजेच बास' हा समज किती जुना झालाय ते त्यावरून कळतं.

अर्थात पदार्थविज्ञान फुकट काही देत नाही. तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोन चौपट हलावा लागतो. ८० ला एक मिलिमीटर हलत असेल तर ४० ला चार आणि २० ला सोळा. छोटा सब इथे दमतो. २० हर्ट्झ जोरात वाजवणं त्याच्याच्याने होत नाही, हे मी कबूल करतो. प्रश्न असा की आपल्याला ते हवंय कशाला? बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ चा. पियानोची अगदी डावीकडची पट्टी २७.५ ची, पण तिला वर्षातून कितीदा हात लागतो? ४० पर्यंत स्वच्छ उतरणारी पेटी आपल्या ऐकण्यातलं जवळजवळ सगळं संगीत पोटात घेते. त्याखाली उरतात ते भूकंप, डायनोसॉर आणि अंतराळयानं. १९७४ च्या 'अर्थक्वेक' सिनेमासाठी युनिव्हर्सलने सेन्सराउंड काढलं, तेव्हापासून ही कामं थिएटरांची आहेत. थिएटरच्या खालच्या मजल्यावर कुणाची काकू झोपलेली नसते.

शिवाय लहान खोली इथे मदतीला येते. खोलीच्या सगळ्यात खालच्या घुमण्याच्याही खाली, म्हणजे आपल्या हिशेबात ४७ च्या खाली, खोली स्वतःच बासला उचलून धरते. बंद पेटीचा आवाज खाली जाताना ज्या उताराने घटतो, साधारण त्याच उताराने बंदिस्त खोली तो वाढवते. दारं-खिडक्यांच्या फटींमुळे प्रत्यक्षात पूर्ण फायदा मिळत नाही, पण मिळतो तो दुकानातल्या भल्यामोठ्या खोलीपेक्षा नक्की जास्त. पोर्टवाल्या, म्हणजे भोकाच्या पेटीचा उतार दुप्पट तीव्र असतो, तिथे हा मेळ बसत नाही. म्हणून म्हटलं, बंद पेटी.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका हे सांगायला लागू नये, पण लागतं. आपली पिढी ५००० वॅट पीएमपीओच्या स्टिकरवर वाढली. हॉस्टेलवरच्या तसल्या एका सेटच्या अडॅप्टरवर लिहिलं होतं, १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार करा, २४ वॅट. उरलेले ४९७६ वॅट बहुधा श्रद्धेतून येत असावेत. :) पुढच्या बाजूचं स्टिकर वाचायचंच नाही, मागची पाटी वाचायची. आजही.

आता सोवळ्यातली मंडळी. यांचं म्हणणं, सबवूफर हा प्रकारच वाईट, खऱ्या रसिकाला दोन स्पीकर पुरतात. यांचा राग मला कळतो, कारण यांनी ऐकलेला प्रत्येक सब चुकीचा लावलेला होता. पण पाच इंची बुकशेल्फ स्पीकर ६० च्या आसपास दम टाकतो आणि डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची थाप पेलताना त्याची त्रेधा उडते. तो भार काढून घेतला की त्याचे मधले सूरही मोकळे होतात. चांगल्या लावलेल्या सबची खूण हीच, की तो चालू आहे हे कळत नाही आणि बंद केला की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. आलेल्या पाहुण्याने "सबवूफर कुठला आहे?" असं विचारलं तर समजा की तो चुकीचा लावलाय.

एक आक्षेप मात्र खरा आहे. रात्री आवाज हळू ठेवला की बास विरून जातो, म्हणून लोक सबचा नॉब पिळतात. यात कानाचा दोष आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं की हळू आवाजात आपला कान खालच्या सुरांना जास्त बहिरा होतो. यावर उपाय म्हणजे रात्रीसाठी वेगळं, मोजकं सेटिंग. अनेक छोट्या सबमध्ये हल्ली प्रीसेट असतात, ते वापरा. नॉब एकदा पिळला की सकाळी कुणी परत फिरवत नाही, हा माझा अनुभव आहे.

तर, घ्यायचा कसा? आठ किंवा दहा इंची कोन, बंद पेटी, आत स्वतःचा अँप्लिफायर. मागे तीन गोष्टी हव्यातच. कुठून खालचे सूर घ्यायचे ते ठरवणारा क्रॉसओव्हर नॉब, आवाजाचा नॉब आणि फेजचा खटका. रिसीव्हर असेल तर त्यात स्पीकरचा आकार 'स्मॉल' निवडा आणि क्रॉसओव्हर ८० वर ठेवा. टीएचएक्सवाल्यांनी हाच आकडा धरला, कारण त्याखाली आवाज कुठून येतोय ते कानाला नीट कळत नाही. आपल्या स्पीकरला 'स्मॉल' म्हणायला पुरुषांचा जीव का तुटतो देव जाणे, पण ते निवडल्याशिवाय स्पीकरवरचा भार उतरत नाही. आणि दुकानदाराला स्पष्ट सांगा, घरी आणून ऐकवणार असशील तरच घेतो.

मग जागा. सब उचलून तुमच्या बसायच्या जागी, चक्क सोफ्यावर ठेवा. बासची सरळ चाल असलेलं एखादं गाणं लावा आणि हॉलभर रांगा. हो, रांगा. कान फरशीजवळ. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, एकही फुगणार किंवा बुडणार नाही, तिथे सबची जागा. मी हे करत असताना समोरच्या मावशी वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "काही हरवलंय का यांचं?" हरवलंच होतं म्हणा. ४७ हर्ट्झ. तो टीव्हीच्या बाजूच्या भिंतीच्या साधारण मध्यावर सापडला. ज्यांना आकडेच लागतात त्यांच्यासाठी आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एक मोजमापाचा माइक तेवढा विकत किंवा उसना आणा. पण आधी रांगा.

त्यानंतर फेजचा खटका दोन्हीकडे करून बघा आणि ज्या बाजूला ८० च्या आसपासचा बास जास्त भरीव वाटेल तिकडे ठेवा. शेवटी आवाज. ऐकू येईपर्यंत वाढवा आणि मग थोडा कमी करा. तो 'थोडा कमी' आपल्या स्वभावात नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

माझं बारा इंची धूड साताऱ्याजवळ बंगल्यात राहणाऱ्या एका मित्राने नेलं. त्याच्या शेजारी उसाचं शेत आहे, उसाची काही तक्रार नाही. घरी आता आठ इंची ठोकळा आहे आणि त्याचं शेवटचं मोजमाप कोणत्याही माइकने झालेलं नाही. बायकोला वर नॉबपाशी बसवलं, मी काकांच्या हॉलमध्ये उभा राहिलो, फोन कानाला लावला आणि म्हणालो, "कमी कर... अजून... अजून थोडा..." भिंतीवरचा फोटो गप्प झाला तिथे बायकोने नॉबवर स्वतःची टिकली लावली. लाल, छोटी.

रात्री दहानंतर नॉब टिकलीच्या पुढे जात नाही. काका-काकू शनिवारीही बाहेरच्या खोलीत झोपतात.

असो. बारा इंची घ्यायचाच असेल तर जरूर घ्या. फक्त घेण्याआधी एकदा खालच्या मजल्यावर जाऊन या.